स्पर्धा संपल्यावर झाडू कोणाच्या हाती?

मराठी विकिपीडियावर लेखनस्पर्धा जाहीर झाली की चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, जुनाच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, हे स्वयंसेवकांचे काम आहे. इथे बक्षिसाचे आमिष आणले की त्यातला जीवच निघून जातो. दुसरी बाजू तमिळ आणि बंगालीकडे बोट दाखवते आणि विचारते, स्पर्धेशिवाय आपल्या लेखांचा आकडा हलणार कसा? दोन्हीकडची माणसे तळमळीची आहेत, आणि दोन्हीकडचा युक्तिवाद अर्धाच आहे, कारण दोघांचेही डोळे स्पर्धकावर खिळलेले असतात. एकाला त्याच्या हेतूची चिंता, दुसऱ्याला त्याच्या लेखसंख्येची. तो लेख टाकून निघून गेल्यावर मागे जो बसतो, ओळ न् ओळ वाचतो, चुका काढतो, चोरलेला मजकूर शोधतो, त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. स्वयंसेवकांनी चालवलेल्या संकेतस्थळाला स्पर्धा मानवते की नाही, हे स्पर्धकाच्या हेतूवरून ठरत नाही आणि लेखांच्या संख्येवरूनही ठरत नाही. वाईट काम ओळखायला आणि दूर करायला किती श्रम पडतात, आणि ते कोणाच्या वाट्याला येतात, यावर ते ठरते. ही कसोटी लावली तर नवे लेख आणि बाइट (मजकुराचा आकार मोजण्याचे संगणकी एकक) मोजणारी स्पर्धा मराठीसारख्या लहान विकिपीडियाचे नुकसान करते. हीच कसोटी लावली तर काही वेगळ्या स्पर्धा आपण आजच्यापेक्षा जास्त घ्यायला हव्यात, असेही दिसते.

आधी विरोधकांचा मुद्दा घेतो, कारण बरीच वर्षे मीही त्याच बाजूला होतो. तो पोकळ नाही. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढला. बाई आपल्यासाठी थांबतात याची जी भीड होती ती गेली. उशिराला आता भाव ठरला होता. पुढे दंड उठवला, तरी गेलेली भीड परत आली नाही. पैसा एकदा मध्ये आला की माणसाचे कामाशी असलेले नाते बदलते, आणि ते मागे नेता येत नाही. विकिपीडियावर ही भीती बाळगणाऱ्याला भाबडा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे.

तरीही या मुद्द्यावर मी थांबत नाही. स्वयंसेवक म्हणजे कौतुकाची भूक नसलेला माणूस, हे चित्र खरे नाही. विकिपीडियावर एकमेकांच्या चर्चापानावर गौरवाचे तारे लावण्याची जुनी प्रथा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वाधिक काम करणाऱ्यांपैकी काहींना असा तारा दिला आणि तशाच इतरांना दिला नाही. तारा मिळालेल्यांचे काम इतरांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त भरले. जर्मन विकिपीडियावर नवागतांना नुसता नाममात्र सन्मान दिला, तर टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण वाढले, हेही दुसऱ्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे मान दिल्याने काम बिघडते असे नाही. पण इथे एक बारीक फरक आहे, आणि स्पर्धेचे समर्थक हे दाखले देताना तो नेमका विसरतात. तारा काम झाल्यावर, न मागता मिळतो. स्पर्धेचे बक्षीस काम सुरू होण्याआधी जाहीर होते, आणि कशाला किती गुण हेही आधीच सांगितलेले असते. पाठीवरची थाप माणसाच्या कामाकडे बघून पडते. जाहीर केलेले बक्षीस माणसाला गुणांकडे बघायला लावते.

बक्षिसाने काहीच चांगले होत नाही असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला मी आपल्याच गद्याचा इतिहास आठवून देईन. पेशवाईत पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमल आल्यावरही तो पैसा काही काळ त्याच वाटेने जात राहिला. १८४९ मध्ये लोकहितवादींसह पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. त्यावरून शहर ढवळून निघाले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली आणि तिच्या बक्षिसांमुळे मराठीत भाषांतरित आणि स्वतंत्र पुस्तकांची भर पडली. त्यातली बरीच पुस्तके आज कोणी उघडत नाही, हे खरे आहे. पण नव्या विषयांवर मराठीत कसे लिहायचे, वाक्य कसे बांधायचे, शब्द कुठून आणायचे, याची तालीम त्यातूनही झाली. आपण आज ज्या गद्यात भांडतो आहोत त्याच्या पायात बक्षिसाचेही काही दगड आहेत.

याच कमिटीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिच्याकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. समितीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. बक्षीस देणारा हात काय लिहिले जावे हे ठरवतो, आणि जे त्याच्या चौकटीत बसत नाही ते मोजलेच जात नाही. विकिपीडियाच्या स्पर्धांत विषयांच्या याद्या कुठून येतात? २०१८ मध्ये गूगलच्या साहाय्याने भारतीय भाषांसाठी ‘प्रोजेक्ट टायगर’ ही लेखनस्पर्धा झाली. लॅपटॉप आणि इंटरनेटची मदत मिळाली, कित्येक भाषांत उत्साहाने लेखन झाले आणि पंजाबी समुदायाने पहिला क्रमांक मिळवला. पंजाबी मंडळींचे कष्ट खरे होते, त्यांचे मन:पूर्वक कौतुकच आहे. पण लोक गूगलवर काय शोधतात यावरून आखलेली अशी यादी आणि एखाद्या भाषेला काय सांगायचे आहे ती यादी एकच असेल कशी? विदर्भातल्या मालगुजारी तलावांवर किंवा कोकणातल्या खारभूमीवर लेख हवा, असे शोधांचे आकडे कधीच सांगणार नाहीत.

दक्षिणा कमिटी आणि आजची लेखनस्पर्धा यांत आणखी एक फरक आहे, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत मोठा. तेव्हा लेखन आधी कमिटीपुढे यायचे. कोणीतरी ते वाचायचे, पारखायचे, मग बक्षीस ठरायचे. वाचण्याचे काम बक्षिसाच्या व्यवहारातच धरलेले होते. विकिपीडियावर लेख आधी जगासमोर येतो आणि पारख मागाहून होते. ती करणारा स्पर्धेत नसतो, त्याला कोणी विचारलेले नसते, आणि स्पर्धा कधी संपली हे त्याला पडलेल्या ढिगावरूनच कळते.

याचा धडा पुण्याने एकदा साऱ्या जगाला दिला आहे. २०११ मध्ये विकिपीडियामागची संस्था असलेल्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक प्रायोगिक शिक्षणकार्यक्रम सुरू केला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लिहायचे होते. हेतू उत्तम होता. शेकडो मुले आली, आणि पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून उचललेले परिच्छेद भराभर लेखांत येऊ लागले. मुले लबाड होती का? मला तसे वाटत नाही. त्यांच्यापुढे मुदत होती, गुण होते, आणि उतरवून काढण्याला चोरी म्हणतात हे शाळेपासून कोणी त्यांना नीट शिकवले नव्हते. निस्तरणे मात्र त्या मुलांच्या किंवा आयोजकांच्या वाट्याला आले नाही. जगभरच्या अनोळखी स्वयंसेवकांनी एकेक संपादन उघडून, मूळ मजकूर शोधून ते साफ केले. त्याच वर्षाअखेरीस कार्यक्रम गुंडाळला गेला. ती रूढ अर्थाने स्पर्धा नव्हती, पण रचना तीच होती: बाहेरून ठरवलेले फळ, आखून दिलेली मुदत, आणि सफाईचा भार तिसऱ्यावर. इंग्रजी विकिपीडियाकडे तो भार उचलणारी हजारोंची फौज होती. मराठीत प्रचालक, म्हणजे देखरेखीचे खास अधिकार असलेले सदस्य, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ताजी संपादने दाखवणारे ‘अलीकडील बदल’ हे पान रोज उघडणारे त्याहून फार जास्त नाहीत.

संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांच्या जगातही २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हेच घडले. डिजिटलओशन ही कंपनी दरवर्षी ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. कोणीही बदल सुचवू शकेल अशा खुल्या प्रकल्पांत ठरावीक संख्येने सुधारणा सुचवा आणि टीशर्ट मिळवा, असा तो उपक्रम होता. त्या वर्षी संख्या ४ होती. चार सुधारणा पटकन कशा पाठवाव्यात हे यूट्यूबवर दाखवले गेले, आणि माहितीच्या पानात एखादे विशेषण घालणाऱ्या, काहीच न सुधारणाऱ्या सुधारणांचा पूर आला. प्रकल्प सांभाळणारे लोक, बहुतेक बिनपगारी, दिवसभर त्या नाकारत बसले. त्यांचा संताप इतका उसळला की काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून होकार देतील तेवढेच स्पर्धेत. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी स्पर्धा बंद केली नाही, बक्षीसही काढले नाही. ज्याच्या अंगणात कचरा पडणार आहे त्याची परवानगी आधी घ्यायची, एवढेच ठरवले. आपल्या चावडीवर हा मुद्दा वादात येतच नाही, याचे मला दु:ख होते.

एका लेखनस्पर्धेनंतर काही लेख तपासण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले होते. त्यात जपानमधल्या एका गावाचा लेख होता. माहितीचौकट जागेवर, वर्ग लावलेले, खाली संदर्भांची रांग. वरून बघता नमुनेदार. मध्येच एक वाक्य आले: गावाच्या उत्तरेला गरम वसंत ऋतू आहेत. इंग्रजीत झऱ्याला आणि वसंताला एकच शब्द आहे, आणि यंत्राने चुकीचा उचलला होता. मग मी मूळ इंग्रजी लेख शेजारी उघडून वाक्यामागून वाक्य ताडून पाहिले. दिशा उलट्या, एका वर्षाच्या जागी दुसरे वर्ष, आणि संदर्भ तर जसेच्या तसे आलेले, लिहिणाऱ्याने त्यातला एकही उघडला नसावा. ते लिहायला फार तर पंधरा मिनिटे लागली असतील. नीट करायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. सदस्याच्या चर्चापानावर निरोप ठेवला, उत्तर आले नाही. यादीत असे आणखी तीस लेख होते. मी सहा केले.

हे प्रमाण नीट पाहा. पंधरा मिनिटांत जन्मणारी चूक दूर करायला एक संध्याकाळ लागत असेल, तर स्पर्धक जितके जोमाने धावतील तितका समुदाय मागे पडेल. मग बाइट मोजल्याने काय साधते? विकिपीडिया एशियन मंथ या नोव्हेंबरातल्या उपक्रमात लेखाला किमान ३००० बाइट आणि ३०० शब्द अशी अट राहिली आहे, यांत्रिक भाषांतर चालणार नाही असाही नियम आहे, आणि बक्षीस म्हणजे पोस्टकार्ड. हे आयोजक शहाणे आहेत. बाइटच्या जोडीला शब्द का मोजले हे मराठी माणसाला चटकन कळावे. रोमन लिपीत ‘महाराष्ट्र’ लिहिले तर ११ बाइट होतात, देवनागरीत ३०. प्रत्येक अक्षर, काना आणि हलन्त यांना तीन तीन बाइट लागतात. नुसते बाइट मोजणारी स्पर्धा आपल्याकडे आणली, तर लेख म्हणण्याजोगे काही होण्याआधीच मर्यादा गाठली जाते. पण शब्द मोजले तरी आशय मोजला जात नाही, आणि यांत्रिक भाषांतराचा नियम पाळला गेला की नाही हे बघायला शेवटी कोणीतरी बसावेच लागते.

इथे समर्थकांचा सर्वांत जोरदार मुद्दा येतो, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेले बरे. कच्चा लेख पुढे कोणीतरी पिकवेल. विकिपीडिया तशीच वाढली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाली तेव्हा कोणते पक्के लेख होते? बरोबर आहे. दोन ओळींचा कच्चा लेख मलाही प्रिय आहे, कारण तो आपले अपुरेपण लपवत नाही. वाचकाला दिसते की इथे काम बाकी आहे. यांत्रिक भाषांतराचा लांबलचक लेख मात्र पूर्ण असल्याचा आव आणतो. विषय ‘झालेला’ दिसतो, त्यामुळे त्यावर नव्याने लिहायला कोणी हात लावत नाही, आणि चुका वर्षानुवर्षे तशाच राहतात.

शिवाय त्या चुका विकिपीडियापुरत्या उरत नाहीत. भाषांतराची साधने आणि भाषा शिकणारी यंत्रे विकिपीडियाचा मजकूर वाचूनच तयार होतात. जालावर मराठी मजकूर थोडा, त्यामुळे विकिपीडियाचे वजन जास्त. यंत्राने केलेले वाईट मराठी आपण तिथे भरायचे, ते वाचून पुढचे यंत्र शिकणार, आणि त्या यंत्राचे भाषांतर पुढच्या स्पर्धेत पुन्हा लेख म्हणून येणार. २०२० मध्ये स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाबद्दल जे उघड झाले ते प्रत्येक लहान भाषेने लक्षात ठेवावे. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने किशोरवयापासून हजारो लेख लिहिले होते. इंग्रजी वाक्यांत शब्द बदलून. त्याचा हेतू चांगला होता, कुठले बक्षीसही नव्हते. संख्या वाढत होती म्हणून सगळे ठीक चालले आहे असे वाटत राहिले, आणि वाचून थांबवणारे कोणी तिथे नव्हते. लेखांचा आकडा आणि वाचणाऱ्यांची संख्या यांचा मेळ तुटला की हेतू कितीही शुद्ध असो, भाषेची हानी होते.

मग स्पर्धा कुठे मानवते? पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा महाराष्ट्राने २०१६ पासून चार उन्हाळे पाहिली. पहिल्या वर्षी ३ तालुके होते, कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. श्रमदान हा तिचा कणा, आणि बक्षिसाची रक्कम मोठी. तरी बक्षिसाने श्रमदानाचा जीव घेतला असे तिथे झाले नाही. याचे कारण मला असे दिसते: चर ज्या गावाने खणले त्याच गावाच्या शिवारात ते राहिले. बांध कच्चा झाला तर पहिल्या पावसात तो त्यांच्याच डोळ्यांदेखत फुटणार. हरलेल्या गावाकडेही पाणी अडवणारे चर उरले. काम करणारा आणि कामाचे बरेवाईट भोगणारा एकच होता. चराची लांबी-खोली फूटपट्टीने मोजता येते, त्यामुळे पारखणेही सोपे. उलट बाजू दाखवणारा अनुभवही आपल्याजवळ आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले आणि त्याने गावोगावी खरेच जाग आणली. पण तपासणीची समिती येणार म्हणून झाडलेले आणि समिती गेल्यावर पूर्ववत झालेले रस्तेही गावकऱ्यांनी पाहिले. ज्यांच्या नावाने अभियान होते ते बाबा स्वतः गावात शिरताच आधी झाडू हाती घेत. निकाल लावायला कोणी येणार नव्हते.

विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंडप्रकल्पावर जुनी पुस्तके टंकून ठेवतात. तिथली मुद्रितशोधनाची स्पर्धा वॉटर कपच्या जवळची आहे. जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूला, टंकलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. चूक असेल तर समोर दिसते. मूळ शोधत हिंडावे लागत नाही. एकाने शुद्ध केलेले पान दुसऱ्याने तपासल्याशिवाय ते प्रमाणित होतच नाही, म्हणजे पारख कामाच्या पायरीतच बसवली आहे. २०२० मध्ये भारतीय भाषांसाठी अशी मुद्रितशोधन स्पर्धा झाली तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, हे आपले काम आहे. छायाचित्रस्पर्धेचेही तसेच. नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ या वारसावास्तूंच्या छायाचित्रस्पर्धेत पुढच्याच वर्षी युरोपभरातून १ लाख ६८ हजारांहून अधिक छायाचित्रे आली. त्यातली किती तरी सामान्य असतील. बिघडले काय? वाईट छायाचित्र कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहात, नुसते पडून राहते, कोणाला खोटे सांगत नाही. ते वाईट आहे हे कळायला एक नजर पुरते. चांगले मात्र कोणत्या तरी किल्ल्याच्या लेखात कायमचे जाऊन बसते.

लेखनाच्या स्पर्धाही मी सरसकट नाकारत नाही. एका स्पर्धकाला महिन्यात तीनच लेख देता येतील असे ठरवा. तीन लेखांत तो नीट लिहील. निकाल तीन महिन्यांनी लावा, म्हणजे जो लेख तोवर इतरांच्या वाचनात टिकला त्यालाच गुण मिळतील. स्पर्धकाने प्रत्येक लेखामागे दुसऱ्याचे दोन लेख तपासलेच पाहिजेत, ही अट घाला. सर्वांत मोठे बक्षीस जुना, संदर्भहीन लेख सुधारणाऱ्याला द्या. आयोजक म्हणतील, मग स्पर्धक कमीच येतील. येऊ देत. जे येतील त्यांतले चार पुढच्या वर्षी स्पर्धेविना दिसले, तर माझ्या दृष्टीने ती स्पर्धा हजार लेखांच्या स्पर्धेपेक्षा यशस्वी.

पुढच्या स्पर्धेची सूचना चावडीवर येईल तेव्हा मी बक्षीस किती आहे हे विचारणार नाही, आणि स्वयंसेवेच्या पावित्र्यावर भाषणही करणार नाही. आलेले लेख कोण वाचणार, त्यांची सदस्यनावे सूचनेत लिहा, आणि स्पर्धा संपल्यावर ते किती आठवडे बसणार तेही लिहा, एवढे मागणार आहे. नावे पुरेशी असतील तर त्या यादीखाली माझेही नाव घालीन. नसतील तर ती स्पर्धा पुढे ढकला असे म्हणेन, आणि त्या तीसातले उरलेले चोवीस लेख वाचायला बसेन.